'शिकलो' या शब्दाखालची रेघ: वचनाने सावरलेले अनुभव

धागाकर्ती
पोटमाळा आवरताना काल आईचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हाती लागले. त्यातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे असे प्रेषित पौल म्हणतो, तिथे तिने 'शिकलो' या एकाच शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. समासात वाण्याचा हिशेब होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि वडिलांचा पगार थांबला, तेव्हाची ती रेघ असावी. आई स्वभावानेच शांत होती असे मी आजवर समजत होते. तुम्हाला कोणत्या वचनाने सावरले, ते सवडीने लिहावे.

नगरकर
ताई, त्याच अध्यायाचे तेरावे वचन, म्हणजे ख्रिस्ताच्या सामर्थ्याने मी सर्व काही करू शकतो हे, आमच्याकडे परीक्षेच्या शुभेच्छापत्रांवर हमखास असे. त्यामुळे ते पहिल्या नंबरासाठीच आहे अशी माझी पक्की समजूत होती. २०२० मध्ये नोकरी गेल्यावर मी तो अध्याय सलग वाचला. भूक आणि विपुलता दोन्ही पाहिलेला, बेड्यांत असलेला माणूस फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत या सोबत्याच्या हाती पाठवलेल्या मदतीची पोच देतो आहे, हे तेव्हा प्रथमच लक्षात आले. तोवर मी मेहुण्यांचे पैसे दोनदा परत पाठवले होते आणि त्या ताठ्यालाच संतोष म्हणत होतो.

वसईची
आमच्या वाडीत पुराचे पाणी शिरून केळी आडवी झाली, त्या रात्री आजोबांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढला. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे ते वचन आहे. आजोबांनी अंजिराच्या जागी केळ म्हटले आणि त्यांचा आवाज तिथेच अडकला. उरलेले आजीने पूर्ण केले.

शुश्रूषेत
माझे यजमान दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. भेटीला येणारे 'संतुष्ट राहा' असे सांगून, चहा पिऊन जातात, तेव्हा हेच वचन मला बोचते. पौलाने ते स्वतःविषयी लिहिले, दुसऱ्याच्या गळ्यात बांधले नाही. माझा आधार त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे: एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल मोकळेपणी कबूल करतो.

केडगावजवळून
वहिनी, अगदी पटले. इथे केडगावात मुक्ती मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंची लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी. मधल्या काळातही मूळ भाषांतून पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे काम त्यांनी सोडले नाही. त्यांना दुःख नव्हते, असे इथले कोणी म्हणणार नाही.

धागाकर्ती
नगरकर दादा, तुमचे वाचून तो समास पुन्हा पाहिला. मी ज्याला वाण्याचा हिशेब म्हटले, त्यात 'वहिनींचे तांदूळ, दोन किलो' अशी नोंद तीनदा आहे. वहिनी शेजारच्या खोलीत राहायच्या, आणि त्यांच्याही घरी संपच होता.