उत्तर: उंची कमी असेल तर रग्बी लीग विसरा?
सहा फुटांच्या खाली असाल तर रग्बी लीगमध्ये (13-13 खेळाडूंच्या संघांची रग्बी) करिअर होत नाही, असं एका पोस्टमध्ये लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. इंग्लंडच्या लीड्स क्लबचा रॉब बरो बघा, उंची जेमतेम 5 फूट 5 इंच आणि 2001 ते 2017 एकाच क्लबकडून खेळून 8 ग्रँड फायनल (सीझनचा विजेता ठरवणारी शेवटची मॅच) जिंकला! 2011 च्या फायनलमधली त्याची सेंट हेलेन्सविरुद्धची ट्राय (बॉल समोरच्या टीमच्या गोललाईनपलीकडे टेकवून केलेला स्कोअर) बघाच, टॅकलला आलेल्या गड्याच्या हाताखालून वाकून निसटला आणि तिथून जो सुसाट सुटला तो थेट लाईनपार, मॅन ऑफ द मॅचही तोच.

रिटायर झाल्यावर दोनच वर्षांत मोटर न्यूरॉन या आजाराचं (यात स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी होत जातात) निदान झालं, 2024 ला गेला, फार वाईट वाटलं. त्याचा जुना कॅप्टन केविन सिनफिल्ड 2020 मध्ये त्याच्यासाठी 7 दिवसांत 7 मॅरेथॉन धावला होता.