नाथसागरावरच्या मच्छीमारांना पर्यावरणाचं प्रशिक्षण सक्तीचं करावं का?

गोदाकाठचा शिक्षक (पैठण तालुका)

माझा एक जुना विद्यार्थी मर्चंट नेव्हीत खलाशी आहे. मागच्या महिन्यात सुट्टीवर आला होता, तेव्हा आम्ही दोघं नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर बसलो होतो. समोर थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यासारख्या ठोकळ्यावर, एक मच्छीमार होता. त्याचं जाळं खाली कशाला तरी अडकलं, बहुधा बुडालेल्या गावाच्या एखाद्या भिंतीला. त्यानं दोन-तीनदा ओढून पाहिलं, मग विळ्यानं कापलं आणि उरलेलं तसंच पाण्यात सोडून दिलं.

माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, समुद्रात असं झालं तर ते लिहून ठेवावं लागतं." मग त्यानं सगळं सांगितलं. जहाजावर चढण्याआधी त्याला जे प्राथमिक कोर्स करावे लागले, त्यांत समुद्राचं प्रदूषण कसं टाळायचं हा भाग होताच. तो पूर्ण केल्याशिवाय बोटीवर पाय ठेवता येत नाही. मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे प्लास्टिकचा तुकडाही समुद्रात टाकता येत नाही, कुठल्याच समुद्रात नाही. कचऱ्याची नोंदवही असते, ती बंदरात तपासली जाते. मासेमारीच्या बोटीलाही हा करार लागू आहे. पाण्याला किंवा जहाजांच्या वाटेला धोका होईल असं मोठं जाळं हरवलं, तर कळवावं लागतं.

आणि आपल्याकडं? पस्तीस हजार हेक्टरचं पाणी, १९८६ पासून पक्षी अभयारण्य, छत्रपती संभाजीनगर आणि जालना इथूनच पाणी पितात. त्या पाण्यावर रोज जाणाऱ्या माणसाला याबद्दल कुणी चार शब्द सांगत नाही. तंगूसचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं, जाळं वर्षानुवर्षं कुजत नाही. सुटलेलं जाळं खाली मासे धरत राहतं, ते मासे मरतात, त्यांच्या वासावर दुसरे येतात, तेही अडकतात. थर्माकोल उन्हानं भुगा होतो आणि त्याचे दाणे मासे गिळतात. बंदी असलेला, दुसरे मासे खाणारा थाई मागूर मासा कुणी पाळला आणि तो पुरात सुटून धरणात आला, तर मूळच्या माशांचं काय होईल, हे किती जणांना माहीत आहे?

माझं म्हणणं असं. मासेमारीचा परवाना नवा करताना दोन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं करा. मराठीत, धरणाच्या काठावर.

भोयाची लेक

सर, तुमचा हेतू चांगला आहे, पण जो चप्पूवर आहे त्यालाच धरून बसलात.

माझे बाबा चाळीस वर्षं या पाण्यावर आहेत. थर्माकोलवर ते हौसेनं बसत नाहीत. लाकडाची किंवा फायबरची होडी परवडत नाही म्हणून बसतात. वारं सुटलं की त्या ठोकळ्यावर जीव मुठीत धरावा लागतो. त्यांना थर्माकोल वाईट आहे हे शिकवायला दोन दिवस कशाला लागतात? त्यांना ते माहीत आहे. होडी द्या, थर्माकोल उद्या बंद.

उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेरा, म्हणजे गाळातली शेती, होते. त्यावर फवारलेलं औषध पहिल्या पावसात कुठं जातं? शहरांचं सांडपाणी गोदावरीत कुठून येतं? ढगाळ पहाटे मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात, ते पाण्यातला प्राणवायू कमी झाला म्हणून. एके वर्षी आमच्या घाटावर असे मेलेले मासे चार दिवस लागले होते. तेव्हा प्रशिक्षण कुणाला दिलं? कुणालाच नाही. मासा मेल्याचा तोटा मात्र आमच्याच घरी आला.

अजून एक. धरणावर तरंगता सौरप्रकल्प आणायचं ठरलं, तेव्हा हरित लवादात आणि मग सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? मासेमारी करणाऱ्या कहार समाजाची पंच समिती. २०२५ मध्ये अपील फेटाळलं गेलं, ते असो. पण पाण्यासाठी दिल्लीपर्यंत गेलेल्या समाजाला पर्यावरणाची जाणीव नाही, असं धरून चालणं मला पटत नाही.

सक्ती म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार, एक कागद मिळणार. तो कागद नसला की परवाना अडणार. आमच्या अडाणी चुलत्याचा परवाना अडला तर तो कुणाच्या दारात जाईल?

इंजिनरूमवाला (लातूर)

वीस वर्षं जहाजाच्या इंजिनवर काढली आहेत, म्हणून लिहायचं धाडस करतो. शिक्षकांचं अर्धं बरोबर आहे, ताईंचं अर्धं.

समुद्र नुसत्या प्रशिक्षणानं साफ राहत नाही. जहाजाच्या तळाशी तेलकट पाणी साचतं. ते यंत्रातून गाळून दहा लाखांत १५ भागांपेक्षा कमी तेल असेल तेव्हाच बाहेर सोडता येतं. हे प्रत्येक इंजिनिअर परीक्षेसाठी पाठ करतो. तरीही ते यंत्र चुकवून थेट बाहेर सोडणारी गुप्त पाइप लावणारी जहाजं निघालीच. त्यांच्यावरच्या माणसांकडं सगळी प्रमाणपत्रं होती. म्हणजे माहिती असूनही चुकलं. धाक बसतो तो नोंदवह्यांचा. बंदरात तपासनीस येतो, वही उघडतो, टाकीतली पातळी वहीशी ताडून पाहतो. जुळलं नाही की जहाज अडकतं. २०२४ पासून तर कचऱ्याची नोंदवही १०० ग्रॉस टनेजच्या (हे जहाजाच्या आकाराचं माप) लहान जहाजांनाही लागू झाली आहे.

पण प्रशिक्षण निरुपयोगी आहे असंही म्हणवत नाही. मी नवखा असताना एका रात्री वरच्या माणसानं मला तेलाच्या चिंध्यांची पिशवी समुद्रात टाकायला सांगितली. मी नाही म्हणालो. ते धाडस माझ्यात कुठून आलं? वर्गात सांगितलं होतं की हा गुन्हा आहे आणि नकार द्यायचा हक्क मला आहे. तो एक तास शिकलो नसतो तर मुकाट्यानं टाकून आलो असतो. शिकलेला नियम कधीकधी हाताखालच्या माणसाला आधार देतो, हे ताईंनीही ध्यानात घ्यावं. उद्या एखाद्या ठेकेदारानं तुमच्या बाबांना बारीक आसाचं, म्हणजे लहान भोकांचं, जाळं लावायला सांगितलं, तर कायद्याची माहिती असलेला माणूस "हे चालत नाही" म्हणू शकतो.

पक्षी बघणारा (संभाजीनगर)

थंडीत मी दर रविवारी धरणाकाठच्या सोनवाडी भागात असतो. जाळ्यात अडकून मेलेले वारकरी नावाचे पाणपक्षी आणि पाणकावळे स्वतः सोडवले आहेत. हिवाळ्यातले चार महिने पक्ष्यांच्या भागात जाळी बंदच ठेवली पाहिजेत. प्रशिक्षणाची वाट बघू नका.

भोयाची लेक

पक्षी मेला की वाईट वाटतं, आम्हालाही. पण जाळ्यात आलेला पक्षी सोडवताना जाळं फाटतं, ते आम्ही फाडतो. चार महिने बंद म्हणालात, पण ते चार महिने आमच्या घरात चूल कशावर पेटेल हे सांगितलं नाही. समुद्रात पावसाळी बंदी असते ती दोन महिन्यांची, आणि ती किती दिवसांची असावी याची चर्चा तिथं दरवर्षी होते. आम्हाला तर कुणी विचारतही नाही.

येलदरीकडचा, मच्छीमार संस्थेचा सचिव

मी येलदरी धरणाच्या भागातला. सगळं वाचायलोय. माझं साधं म्हणणं हाय.

जाळ्याचा आस बारीक का होतो ते बघा. व्यापारी घाटावर गाडी लावून उभा ऱ्हातो. रोहू, कटला दीड-दोन किलोचा झाला की भाव असतो, पण बारीकबी गाडीत टाकतो अन् कमी पैशात नेतो. घरात कोण आजारी असलं, लेकराची फी भरायची असली, की माणूस बारीक मासा काढतोच. मग आम्ही सोडलेली बोटुकली, म्हंजे माशाची पिल्लं, वाढायच्या आत जाळ्यात. दोष एकट्या मच्छीमाराचा नाय. व्यापाऱ्यालाच प्रशिक्षण द्या की. त्याच्या गाडीत ठराविक मापापेक्षा बारीक रोहू सापडला तर त्याला दंड लावा. समुद्राकडं माशांची किमान मापं ठरवून दिली आहेत म्हणत्यात, इथं धरणाला लावा ना.

आमच्या संस्थेत आम्ही पावसाळ्यात, मासा अंडी घालायला वरच्या ओढ्यात चढतो तेव्हा, ओढ्याच्या तोंडाला जाळं लावायचं नाय असा ठराव केलाय. पाळतेत लोक. पण ठराव आमचा हाय, बाहेरच्यांचा नाय, म्हणून पाळतेत. वरून आलेला कागद कुणी वाचत नाय.

एक मात्र खरं. सुरुंग अन् विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा हाय, तरी डोहात ब्लीचिंग पावडर टाकणारी पोरं मी धरली आहेत. ती मच्छीमार नव्हती, गावातलीच रिकामी पोरं होती. परवान्याला प्रशिक्षण जोडलं तर ती पोरं कुठं येत्यात त्यात?

गोदाकाठचा शिक्षक

चौघांच्याही उत्तरांवर दोन दिवस विचार केला. परवाना अडवण्याचा भाग मी मागं घेतो. तो सुचवताना ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्या माणसाचा विचार मी केला नव्हता.

पण प्रशिक्षणाची गरज नाही हे मात्र मान्य करणार नाही. ताई, तुमच्या बाबांना पाण्याबद्दल माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं. पण कापलेलं तंगूस पुढंही बराच काळ मासे मारत राहू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलं आहे का? तुम्हीच त्यांना विचारून सांगा. आणि सांडपाण्याचं म्हणाल, तर ज्या कारखान्यातून आणि नगरपालिकेतून घाण येते तिथल्या माणसांनाही त्याच वर्गात बसवलं पाहिजे. तेच बाजूला आणि मच्छीमार पुढं, असं होत असेल तर मीही विरोध करीन.

इंजिनरूमवाला (लातूर)

सचिवांची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ठराव आपला असला की पाळला जातो. २०१० मध्ये मुंबईच्या बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आदळली. तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले. त्या जहाजांवरची माणसं अडाणी नव्हती. आणि तोटा कुणाचा झाला? कोळ्यांचा. मासेमारी थांबली, बाजारात मासळी कुणी घेईना. म्हणून मच्छीमारानं काय शिकावं यासोबत, त्याचं नुकसान कोण भरून देणार हेही त्याच वर्गात आलं पाहिजे. नाहीतर अशी शिकवणी एकतर्फी होते.

भोयाची लेक

सर, बाबांना विचारलं. म्हणाले, कापलेलं जाळं खाली धरत राहतं हे त्यांना माहीत आहे. त्यांनी स्वतः पाणी आटलेल्या वर्षी जुनं जाळं वर काढलं होतं, आत नुसते काटे आणि एक कासवाची पाठ होती. तेव्हापासून ते अडकलेल्या जाळ्याला दोरी अन् प्लास्टिकची बाटली बांधून ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यात पाणी उतरलं की सापडतं. बाटलीचं प्लास्टिक त्यांना खुपतं, पण दुसरं तरंगणारं काही हाताशी नसतं.

माझा विरोध अजून आहे. वर्ग भरवायचाच असेल तर बाबांना वर्गात बसवू नका, वर्ग घ्यायला उभं करा. आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना आणि ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाला द्या. या दोन गोष्टी झाल्या तर तुमच्या त्या विद्यार्थ्यालाही बोलवा. समुद्रावर हरवलेलं जाळं कुणाला कळवायचं असतं, हे बाबांना त्याच्याकडून ऐकायचं आहे.