मदत हवी आहे: व्हीलचेअर घेऊन बागेत कसे जावे?

नमस्कार. आमच्या वसाहतीजवळच्या बागेत आईला रोज संध्याकाळी न्यावे अशी इच्छा आहे. परंतु ती व्हीलचेअरवर असते आणि अडचण प्रवेशद्वारापासूनच सुरू होते. दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून रोवलेल्या लोखंडी खांबांमधून खुर्ची जात नाही आणि मागच्या बाजूला केलेला उतार इतका उभा आहे की खुर्ची ढकलताना माझाच तोल जातो. १ फूट उंचीसाठी निदान १२ फूट लांब उतार असावा असे मानले जाते. येथे तो जेमतेम ४ फूट भरेल. आतल्या वाटेवरील सुट्या खडीत पुढची लहान चाके रुततात. खुर्ची उलटी फिरवून ओढली की ती सहज सरकते, पण मग आईला पुढचे काहीच दिसत नाही आणि ती रागावते, तेही रास्तच आहे.

रुंद टायर बसवल्याने खडीवर खरोखर फरक पडतो का? तसेच खांबांमधील अंतर ९० सेंटिमीटर करून मिळावे यासाठी कोणी अर्ज केला असल्यास त्यात मोजमापे व छायाचित्रे कशी मांडली, हे कृपया सविस्तर कळवावे.