मदत हवी आहे: वाय-फायवरच चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपसाठी डेबियनची कोणती आयएसओ घेऊ?

नमस्कार मंडळी,

बाबांच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नाही. लॅपटॉप मात्र ठणठणीत आहे, तो मोडीत काढायचं जिवावर येतंय. म्हणून डेबियन १३ (लिनक्सची मोफत ऑपरेटिंग सिस्टम) टाकायचं ठरवलंय. तिची इन्स्टॉलची फाइल, म्हणजे आयएसओ, बऱ्याच प्रकारांत मिळते.

इंटेलचा ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. लॅन पोर्ट नाही, सगळा भरवसा वाय-फायवर. पेनड्राइव्ह ८ जीबीचा.

नेटइन्स्ट नावाची छोटी आयएसओ आटोपशीर आहे, पण बाकीचं सगळं इन्स्टॉल करताना नेटवरून ओढते. तेव्हा वाय-फाय ओळखलंच गेलं नाही तर? डीव्हीडीची आयएसओ घेतली तर नेटशिवाय भागेल का? लाइव्हमध्येही (इन्स्टॉल न करता चालवून बघायची आयएसओ) गनोम, केडीई, एक्सएफसीई असे डेस्कटॉपचे प्रकार दिसतात. आणि नावात सगळीकडे एएमडी६४ आहे, ते इंटेलवर चालेल ना? बाबांचं रोजचं काम यावरच चालतं, त्यामुळे विंडोज पुसण्याआधी खात्री हवी आहे.

उत्तर

एएमडी६४ च घ्या. हा ६४-बिट आराखडा आधी एएमडीने आणला, इंटेलने नंतर तोच स्वीकारला, म्हणून नाव तसं राहिलं. एआरएम६४ मात्र घेऊ नका, तो वेगळाच प्रकार.

तुमच्यासाठी लाइव्ह एक्सएफसीई. डीव्हीडीवरून नेटशिवाय इन्स्टॉल होतं हे खरं, पण वाय-फाय चालत नाही हे विंडोज पुसल्यावर कळून काय उपयोग? लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय जोडा, व्हिडिओ लावून आवाज ऐका, झाकण मिटून उघडा आणि मशीन नीट जागं होतं का बघा. सगळं जमलं तर तिथूनच इन्स्टॉल करता येतं. ४ जीबी रॅमवर गनोमपेक्षा एक्सएफसीई बरीच हलकी.

वाय-फायची भीती आता पूर्वीइतकी नाही. २०२३ च्या डेबियन १२ पासून मुक्त नसलेलं फर्मवेअरही (वाय-फाय चिपसारख्या भागांना चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अधिकृत आयएसओमध्येच येतं. तरी ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिप अडतात, कारण त्यांचं फर्मवेअर वाटायची डेबियनला परवानगी नाही. तसं झालं तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल. त्या नेटवरून लागेल ते उतरवता येतं.

आयएसओ नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करू नका, त्यावरून मशीन बूट होणार नाही. रूफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रामने लिहा. रूफसने विचारलं तर डीडी मोड (आयएसओ जशीच्या तशी लिहिणारा) निवडा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात असू द्या. त्याआधी फाइलचा एसएचए२५६ चेकसम (फाइल पूर्ण आणि बरोबर उतरली का ते दाखवणारा आकडा) साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली आयएसओ इन्स्टॉलच्या मध्येच दगा देते आणि दोष उगाच लॅपटॉपला लागतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. लाइव्ह एक्सएफसीई लावून पाहिली. वाय-फाय आणि आवाज लगेच चालू झाले, झाकण उघडल्यावर स्क्रीनही परत आली. बाबांच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतोय, तो उघडून तपासला की इन्स्टॉलला बसतो. एकच शंका: सिक्युअर बूट (स्वाक्षरी नसलेली सिस्टम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावं लागेल का?

उत्तर

नाही, चालू राहू द्या. डेबियनचा बूटलोडर (सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम) आणि कर्नल (सिस्टमचा गाभा) स्वाक्षरी केलेले असतात. पुढे बाहेरचा एखादा ड्रायव्हर टाकायची वेळ आली तरच तो विषय निघेल.