झेब्रापट्टे जहाज लपवायला नव्हतेच

शीडवाला: ‘पिकासोच्या क्यूबिझममुळे (वस्तू तुकड्या-तुकड्यांत, कोनांत रंगवायची चित्रशैली) पहिल्या महायुद्धात जहाजं अदृश्य झाली’ ही पोस्ट अजून किती दिवस फिरवणार? ‘हे आम्हीच केलं’ असं पिकासो म्हणाला तो किस्सा पॅरिसच्या रस्त्यावरच्या रंगवलेल्या तोफेचा आहे, जहाजाचा नाही. आणि डॅझलमध्ये, म्हणजे जहाजावर झेब्र्यासारखे ठळक पट्टे रंगवण्यात, अदृश्य व्हायचं नसतंच. पाणबुडीचा पेरिस्कोप पाण्यालगत, त्यातून जहाज दिसतं ते आभाळावर. आभाळाचा रंग सतत बदलणार, वर कोळशाचा धूर. लपणार कसं? म्हणून १९१७ मध्ये ब्रिटिश नौदलातल्या चित्रकार नॉर्मन विल्किन्सनने लपवायचा नाद सोडला आणि फसवायचं ठरवलं. यू-बोटीला (जर्मन पाणबुडी) नेम धरायला जहाजाचा वेग, अंतर आणि दिशा लागते. ३५ नॉटचा टॉर्पेडो १००० मीटर जायला सुमारे ५५ सेकंद घेतो. तेवढ्यात १० नॉटचं जहाज २८० मीटर पुढे गेलेलं असतं. दिशा चुकली की नेम गेला.

रंगारी: थिअरी झकास. आता आकडे बघा. १९१८ ची पहिली तिमाही, हल्ला झालेल्यांपैकी बुडालेली किंवा फुटलेली जहाजं: रंगवलेली ७२ टक्के, बिनरंगाची ६२. ही तुमची फसवणूक!

शीडवाला: पुढच्याच तिमाहीत ६० विरुद्ध ६८ झालं, ते बरं सोयीस्कर विसरलात. शिवाय नेम ऐन मध्यभागी बसण्याचं प्रमाण रंगवलेल्यांत ४१ टक्के, इतरांत ५२.

दीपस्तंभ: दोघांचेही आकडे लंगडे. रंगवलेली जहाजं सरासरीने मोठी होती. त्यात १९१७ च्या उन्हाळ्यापासून ताफे सुरू झाले, म्हणजे जहाजं युद्धनौकांच्या पहाऱ्यात एकत्र जाऊ लागली. रंगाचं श्रेय वेगळं काढणार कसं? काम मात्र चोख चालायचं: लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये छोटं लाकडी मॉडेल रंगवायचं, फिरत्या टेबलावर ठेवून पेरिस्कोपमधून वेगवेगळ्या आभाळांवर बघायचं, जमलं तर नकाशावर उतरवून बंदरात धाडायचं. डाव्या-उजव्या बाजूंची नक्षी वेगळी.

उगाचच: खरी अक्कल दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनची. राखाडीत थोडा तांबडा मिसळून गुलाबी केलं, संध्याकाळी जहाज गायब!

रंगारी: आले व्हाइसरॉय! भर दुपारी निळसर क्षितिजावर गुलाबी जहाज उठून दिसतं. आणि अंधार पडू लागला की डोळ्याला तांबडा आधी काळपट दिसतो. म्हणजे नको तेव्हाच गडद.

उगाचच: गुलाबी रंगवलेल्या ‘केनिया’ या ब्रिटिश क्रूझरला विचारा की. डिसेंबर १९४१, नॉर्वेचा किनारा, जर्मन तोफांचा मारा, तरी वाचली.

रंगारी: एक क्रूझर वाचली म्हणून रंग सिद्ध? मग वाचलेली प्रत्येक राखाडी बोटही मोजा!

दीपस्तंभ: रात्रीसाठी ब्रिटिश नौदलातल्या पीटर स्कॉटचं बघा. अटलांटिकच्या ढगाळ आभाळावर काळं जहाज उठतं, पांढरं विरतं. त्याने १९४० मध्ये ‘ब्रोक’ विनाशिका पांढऱ्या, फिक्या निळ्या, फिक्या हिरव्यात रंगवून घेतली. पक्षी रंगवणारा माणूस. आभाळ कळत होतं त्याला.

उगाचच: म्हणजे माउंटबॅटनला कळत नव्हतं? इंग्रजांचा राग रंगावर काढू नका.

रंगारी: राग कसला. मावळतीचा तांबूस उजेड असेल तेवढा वेळ गुलाबी चालतो, घ्या, दिलं. उरलेल्या वेळात बोट धक्क्याला बांधून ठेवा.

शीडवाला: धागा डॅझलचा होता. माझ्या ४१ आणि ५२ वर अजून कोणी बोललेलं नाही.