पैसे टाकून हवा भरायचं मशीन : तुमची पद्धत लिहा

पंपावर नाणं टाकलं किंवा कार्ड लावलं की ठरावीक मिनिटं चालणारी हवेची मशीनं आता सर्रास दिसतात. हवेला पैसे का, हा वाद इथे नको. मशीनसमोर उभं राहिल्यावर काय करायचं, काय चुकतं आणि का चुकतं, तेवढं लिहा. किस्से नकोत, आकडे हवेत. सुरुवात मीच करते.

हे मशीन हवेचे नाही, वेळेचे पैसे घेतं. त्यामुळे वेळ खाणारी कामं पैसे टाकण्याआधी उरकायची. गाडी अशी लावायची की पाइप चारही चाकांना पोचेल. व्हॉल्व्ह खाली जमिनीजवळ आला असेल तर गाडी फूटभर पुढे घ्यायची. चारही टोपणं काढून खिशात. स्वतःच्या गेजने चारही टायरमधला हवेचा दाब मोजून आकडे लिहून ठेवायचे. टायर थंड असेल आणि कुठे हवा जास्त असेल तर व्हॉल्व्हमधली पिन दाबून आधीच सोडायची, त्याला मशीन लागत नाही. मग पैसे टाकायचे, आणि सगळ्यात कमी हवेच्या टायरपासून सुरुवात करायची, म्हणजे वेळ संपलाच तर निदान तो तरी भरलेला असतो.

*

आकडा कुठला धरायचा? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, तो धरायचा. टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते. स्टिकरवर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, आणि पूर्ण भरलेल्या गाडीचे आणखी वेगळे. मशीन दाब पीएसआयऐवजी बार या एककात दाखवत असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. ३२ पीएसआय म्हणजे साधारण २.२ बार किंवा २२० किलोपास्कल.

*

सगळ्यात मोठी चूक गरम टायरची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दोनेक किलोमीटर चाललेली. पंप लांब असेल तर पोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा ३ ते ५ पीएसआयने चढतो. तिथे ३२ दिसले म्हणून "बरोबर आहे" असं समजून निघालात, तर टायर थंड झाल्यावर २८ वर येतो.

यावर उपाय सोपा आहे. घरी थंड टायर मोजा. समजा २८ आहे आणि पाहिजेत ३२, म्हणजे कमी ४. पंपावर तोच टायर ३१ दाखवेल. तिथे ३२ वर थांबायचं नाही, ३१ मध्ये ४ मिळवून ३५ करायचे. घरी काढलेला फरक तेवढाच घालायचा, तिथला आकडा स्टिकरशी ताडून बघायचा नाही. आणि गरम टायरमधली हवा कधीही सोडायची नाही.

ऋतू बदलला की हवामानाचाही फरक पडतो: दर १० अंश सेल्सिअसला जवळपास २ पीएसआय.

*

वरच्या मुद्द्यात भर घालतो. आकडा सेट करून बीप वाजेपर्यंत थांबायच्या डिजिटल मशीनवर हे जास्त महत्त्वाचं आहे. यातली बरीच मशीनं हवा भरतात तशी काढूनही घेतात. टायर गरम होऊन ३४ वर असताना तुम्ही ३२ सेट केलेत, तर मशीन पैसे घेऊन २ पीएसआय काढून देईल. म्हणून वरच्या उदाहरणातले ३५ सेट करा.

दुसरं, टायर अगदी बसलेला असेल तर मशीनला टायर जोडल्याचं कळतच नाही आणि ते सुरू होत नाही. त्यासाठी बसलेल्या टायरचं वेगळं बटण असतं, ते दाबून थोडी हवा आत जाऊ द्यायची. मात्र रिम जमिनीला टेकेपर्यंत बसलेला टायर नुसती हवा मारून चालवू नका. भिंत आतून चिरडलेली असू शकते. टायर उतरवून बघायला हवा.

*

नोझल तिरकं बसलं की "फुस्स" आवाज येतो. ती हवा बाहेर जात असते आणि गेजही खोटा आकडा दाखवतं. नोझल व्हॉल्व्हच्या सरळ रेषेत धरून एका दमात दाबायचं. खटक्याचं नोझल असेल तर आधी पूर्ण आत ढकलायचं, मग खटका पाडायचा. आवाज पूर्ण थांबला तरच वाचलेला आकडा खरा.

मशीनच्या गेजवर विसंबू नका. पाइप दिवसभर जमिनीवर आपटत असतो, नोझलवरून गाड्या जातात. भरून झालं की स्वतःच्या गेजने मोजा. आपलं गेज १ पीएसआयने चुकत असलं तरी दर वेळी तेवढंच चुकतं, म्हणून चारही चाकं निदान सारखी राहतात.

*

टोपणं प्लास्टिकचीच ठेवा. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपण लावलं की ओल आणि मीठ यांमुळे दोन धातू एकमेकांत गंजून घट्ट बसतात. मग पक्कड लावली की व्हॉल्व्हच मोडतो. टायरमधल्या प्रेशर सेन्सरचा व्हॉल्व्ह असेल तर कधी कधी सेन्सरही बदलावा लागतो.

*

टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर लागणाऱ्या दिव्याबद्दल: तो लागेपर्यंत थांबू नये. अमेरिकेच्या नियमानुसार दिवा लागण्याची हद्द स्टिकरच्या आकड्याहून २५ टक्के खाली आहे, म्हणजे ३२ चे २४ होईपर्यंत तो गप्प राहू शकतो. चांगला टायरही महिन्याला १ पीएसआयच्या आसपास हवा सोडतोच. चाकाच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधणारी यंत्रणा असेल तर हवा भरल्यावर रीसेट करायला विसरू नका.

*

हवा फुकट मिळते का, ते पैसे टाकण्याआधी काउंटरवर विचारा. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि कनेक्टिकट या राज्यांत तसा कायदाच आहे; कॅलिफोर्नियात इंधन घेणाऱ्याला हवा फुकट द्यावी लागते. मशीनला नाण्याची फट असली तरी आतला माणूस ते चालू करून देतो.

*

१२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर घेतला तर हा सगळा खटाटोप वाचतो, आणि टायर थंड असतानाच भरता येतो. ४–५ पीएसआय वाढवायला एका टायरला मिनिटभर पुरतं. इंजिन चालू ठेवा, पण बंद गॅरेजमध्ये नाही. १२० वॉटचा कॉम्प्रेसर १० अँपिअर ओढतो, म्हणून सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते आधी बघा. सलग १०–१५ मिनिटांनंतर त्याला गार होऊ द्या, नाहीतर आतली रिंग जळते.

*

स्टेपनी कुणीच मोजत नाही. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागतात, आकडा तिच्यावरच लिहिलेला असतो. पैसे टाकलेच आहेत तर त्याच फेरीत भरून घ्या. डिकी आधी रिकामी करून ठेवा.

*

भरून झाल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा फुगत राहिला तर आतली पिन सैल आहे. पिन काढायच्या छोट्या चावीने ती अलगद आवळा, जोर लावू नका, रबराचं सील चिरतं. तरीही बुडबुडा आला तर पिन बदला. ती काढताना टायरमधली सगळी हवा जाते, म्हणून हे काम मशीनचा पाइप हाताशी असतानाच करा.