गणपतीला गावी जाताना बंद घराची सुरक्षा

प्रश्न : पुण्यात पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट असून गणपतीत दहा दिवस तो बंद राहील. कॅमेरा बसवावा की सेफ्टी डोअर?

उत्तर १ : आधी दरवाजा पाहावा. कडी-कोयंड्याला बाहेरून लावलेले कुलूप घरात कोणी नसल्याचे दुरूनच सांगते आणि कुलूप कितीही महाग असले, तरी कटावणीने कोयंडाच उचकटला जातो. म्हणून दाराच्या जाडीत बसणारे मॉर्टिस लॉक आणि त्याची जीभ जिच्यात अडकते ती चौकटीत लांब स्क्रूंनी घट्ट बसवलेली पट्टी यांवर खर्च करावा. पहिला मजला असल्याने बाल्कनीची ग्रिलही तपासावी.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे. कॅमेरा चोराला रोखतोच असे नाही, शिवाय वीज गेल्यावर राउटरला बॅकअप नसेल, तर मोबाइलवर काहीच दिसत नाही. दूध आणि वर्तमानपत्र मात्र आठवणीने बंद करावे. दाराशी साचलेली वर्तमानपत्रे कुलपाइतकीच बोलकी असतात.

उत्तर ३ : दागिने लॉकरमध्ये ठेवावेत. तेथे चोरी झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते, त्यामुळे दागिन्यांचा वेगळा विमाही पाहावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. उद्याच सुताराला बोलावतो.